कव्हराच्या आत

मामाकडे जेवायला गेलो की ताईचा फोन टेबलावर असतो आणि मामाची नजर त्याच्यावर असते. त्या रविवारी आमटी-भात आटोपल्यावर त्यानं हात धुतले, पंच्यानं कोरडे केले, फोन उचलला आणि एका कोपऱ्यात अंगठा घालून कव्हर सोलून काढलं. जाड, काळं, रबरी कव्हर. आतून निघालेला फोन मोरपंखी होता.

"हा रंग शेवटचा कधी पाहिला होतास?" त्यानं विचारलं.

ताईला आठवेना. "घेतला तेव्हा. दुकानात."

"तीन रंगांतून हा निवडायला तासभर लावला होतास. मी होतो बरोबर."

"आवडीनं निवडला, म्हणून तर जपतेय."

"ज्याच्याकडे बघायचंच नाही ते जपायचं कुणासाठी?"

तिथून निघालेलं बोलणं चहापर्यंत चाललं. मी मध्ये फारसा पडलो नाही, कारण दोघंही आपापल्या हातच्या कामावरून बोलत होते. मामानं भोसरीच्या एमआयडीसीत ॲनोडायझिंगच्या कामात ३१ वर्षं काढली. ताईचं पिंपरीत मोबाइल दुरुस्तीचं आणि जुने फोन घेण्या-विकण्याचं दुकान आहे. एकानं आयुष्यभर धातूवर रंग चढवला, दुसरी त्या रंगाचे किती पैसे ते रोज ठरवते. फोनच्या पाठीबद्दल बोलावं तर या दोघांनी.

"तुम्ही याला रंग म्हणता," मामा म्हणाला, "पण रंग वरून फासतात. हा थर धातूतूनच उगवतो. जॉब जिगवर अडकवायचा, कॉस्टिकमध्ये बुडवून त्याची कातडी साफ करायची, धुवायचा आणि सल्फ्युरिकच्या टाकीत सोडून करंट द्यायचा. पंधरा-सोळा व्होल्ट पुरतात. टाकी वीस अंशांच्या आसपास ठेवायची. उन्हाळ्यात ती तापली की थर भुसभुशीत यायचा आणि अख्खा लॉट रिजेक्ट व्हायचा. नीट उतरला तर वरचं ॲल्युमिनियम ऑक्साइड होतं आणि त्याला मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असतात. रंग त्या छिद्रांत मुरतो. मग उकळत्या पाण्यात घालून तोंडं बंद करायची. झालं सीलिंग."

"आणि जाडी?"

"दहा ते पंचवीस मायक्रॉन. तुझा केस सत्तरएक मायक्रॉनचा असेल." ताईच्या वेणीकडे बोट दाखवत तो पुढे म्हणाला, "पण कठीण. माणिक आणि नीलम हेसुद्धा ॲल्युमिनियम ऑक्साइडच. टाकीतला थर त्यांच्याइतका कठीण नसतो हे खरं, तरी खालच्या धातूच्या कितीतरी पट कठीण असतो. हातात घेऊन वापरायची वस्तू, म्हणून तर तिला हा थर देतात. तो थर झाकायला तुम्ही पुन्हा दीडशे रुपयांचं रबर आणता."

"एवढा कठीण असेल तर कडेला उडतो कसा?" ताईनं विचारलं. हा प्रश्न तिच्या काउंटरवरचा होता. दिवसभर ती कडाच बघत असते.

मामा आत गेला आणि त्याचं दहापटीचं भिंग घेऊन आला. रिटायर होताना कारखान्यातून त्यानं मागून घेतलेली ही एकच वस्तू. खिडकीच्या उजेडात त्यानं फोनचा खालचा कोपरा भिंगाखाली धरला आणि आधी मला बघायला दिलं.

नुसत्या डोळ्यांना मोरपंखी दिसणाऱ्या कडेवर एक रुपेरी दोरा होता. सलग नव्हता, मधे मधे तुटलेला. चार्जिंगच्या भोकाशी तो रुंद झाला होता आणि तिथं थराचे काठ पापुद्र्यासारखे दिसत होते. सपाट पाठीवर मात्र एक चरा नाही.

"शिळी भाकरी दुमडली की कुठं चिरते?" मामानं विचारलं. "घडीवर. हा थर पृष्ठभागातून सरळ वर वाढतो. धारदार कड असली की इकडचा थर एकीकडे वाढतो आणि तिकडचा दुसरीकडे, मध्ये फट राहते. त्यात खाली धातू मऊ. शिऱ्यावर पापड ठेवून बोट दाबलंस तर पापड मोडेल, त्यात पापडाचा काय दोष? पार्टी काळा रंग आणि टोकदार कड मागायची तेव्हा मी म्हणायचो, कड अर्धा मिलिमीटर गोल करा, नाहीतर चार महिन्यांत चांदी दिसेल. ड्रॉइंग बदलायला कुणी तयार नसायचं."

हे नुसतं भोसरीतलं दुखणं नाही. २०१२ साली आलेल्या आयफोन ५ची कड हिऱ्याच्या हत्यारानं तासलेली होती आणि काळ्या फोनवर त्या कडेचा रंग उडून खालचं ॲल्युमिनियम चमकू लागलं. गिऱ्हाइकांनी बोंब मारली. पुढच्या वर्षीच्या ५एसमध्ये तो गडद काळा जाऊन फिकट राखाडी आला. २०२५ मध्ये टायटॅनियम सोडून ॲल्युमिनियमकडे परतलेल्या आयफोन १७ प्रोच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यावरही तीच तक्रार आली आणि तीही धारेवरच.

ताईनं भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "पण मामा, हा फोन दोन वर्षं कव्हरातच होता."

"तेच दाखवतोय मी."

त्यानं काढलेलं कव्हर उलटं केलं. आतल्या कोपऱ्यात करड्या रंगाची पूड साचून बसली होती. थोडी घामानं, थोडी पर्समधल्या धाग्यांनी तिचा लगदा झाला होता. मामानं चिमूटभर घेऊन बोटांत चोळली आणि माझ्या बोटावर दिली. कचकच लागली.

"ही गारगोटी. रस्त्याची धूळ म्हणजे वाळूचेच कण. काचेला चरा पाडतील एवढे कठीण. उघड्या फोनवर पडले तर पुसले जातात. कव्हराच्या आत गेले की बाहेर निघत नाहीत. तू फोन खिशात घालतेस, काढतेस, कव्हर केसभर हलतं आणि ही पूड घासत राहते. दोन वर्षं तू पॉलिश पेपर गुंडाळून हिंडलीस."

ताई ओशाळेल असं मला वाटलं होतं. पण रोज दहा-वीस कव्हरं काढणाऱ्या बाईला ही पूड नवी नव्हती.

"मला माहीत आहे रे ते," ती म्हणाली. "कडक प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर चारही कोपरे पांढरे झालेले असतात. पण गिऱ्हाईक माझ्याकडे त्या पांढऱ्या कोपऱ्यांसाठी रडत येत नाही. ते फुटलेली काच घेऊन येतं. तुझ्या फोनची पाठ धातूची आहे म्हणून तू एवढं बोलू शकतोस."

मामाचा फोन सात-आठ वर्षांपूर्वीचा, अख्खी पाठ ॲल्युमिनियमची. तशा पाठी आता दुर्मीळ झाल्या. बिनतारी चार्जिंगचं चुंबकीय क्षेत्र धातूतून नीट जात नाही, म्हणून २०१७ मध्ये आयफोन ८ आणि १० काचेची पाठ घेऊन आले. इतर कंपन्यांच्या महागड्या फोनांनीही बहुतेक तीच वाट धरली. पुढे काच आणि मागेही काच.

"पडला की कोपऱ्यावर पडतो," ताई सांगू लागली. "सगळा मार एका बिंदूवर. आपल्या लहानपणी नोकियाचा फोन पडला की पाठ एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, फोन पलंगाखाली. गोळा करून जोडला की चालू. ते तुकडे होण्यातच मार निघून जायचा. आताचा फोन सगळा चिकटवलेला असतो. मार जाणार कुठं? काचेत. कव्हराचा कोपरा दोन मिलिमीटर जरी दबला ना, तरी काच वाचते."

तिचे दोन मिलिमीटर मी मागाहून कागदावर मांडून पाहिले. २०० ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला तर ताशी सोळा किलोमीटरच्या वेगानं जमिनीवर येतो. थांबायला त्याला अर्धाच मिलिमीटर मिळाला तर सरासरी मार सुमारे ४०० किलो वजनाइतका, दोन मिलिमीटर मिळाले तर १००. दीडशे रुपयांच्या रबराचं काम या दोन आकड्यांमध्ये आहे आणि ते फार मोठं काम आहे. मामाच्या भिंगातून हे दिसत नाही.

"तुला एक मुलगा सांगते," ताई म्हणाली. "घरपोच जेवण पोचवतो. फोन हप्त्यावर घेतलेला, अठरा हजारांचा. हँडलवर क्लिपमध्ये लावून दिवसभर हिंडतो. तिसऱ्या हप्त्याला खड्ड्यात क्लिप सुटली. स्क्रीन गेली. स्क्रीन नाही म्हणजे ऑर्डर नाही आणि ऑर्डर नाही म्हणजे हप्ता नाही. सहा हजार सांगितले तर दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. त्याला मी काय सांगू, की बाबा, उघडा फोन हातात धरून बघ, धातू किती छान लागतो?"

मामा काही बोलला नाही. मामीनं चहा आणला, तो त्यानं बशीत ओतला नाही, तसाच कपानं प्यायला. रागावला किंवा विचारात पडला की तो बशी विसरतो.

"फुटण्याचं मी बोलत नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "त्या पोरानं दोन कव्हरं घालावीत. मी झिजण्याचं बोलतोय. तुम्ही दोन्ही एकत्र केलंय. फुटलं की वस्तू जाते. झिजलं की वस्तू असतेच, नुसती वापरलेली दिसते. वापरलेली दिसण्याची एवढी भीती कसली?"

"भीती नाही. पैसे." ताईनं मामाचा फोन उचलून उलटसुलट केला. चारही कडा पांढऱ्या, पाठीवर मधोमध त्याच्या बोटांच्या जागी थर गुळगुळीत झालेला. "हा उद्या माझ्याकडे विकायला आणलास तर मी याला सी ग्रेड लावेन."

"सी?" मामाला ते लागलं. "बॅटरी तूच बदललीस दीड वर्षापूर्वी. स्पीकर, कॅमेरा, सगळं ठणठणीत. सी?"

"कडा गेल्यात. बाजारात असंच चालतं."

"बाजारात कोण आहे? दर तर तूच लावतेस."

मला वाटतं ताईला हे आजवर कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. ती कव्हराशी चाळा करत राहिली. मग जे बोलली ते वाद घालणाऱ्या माणसाचं बोलणं नव्हतं.

"गणपतीच्या आधी माझ्याकडे एकाच मॉडेलचे दोन फोन होते. एक कायम कव्हरात वाढलेला, नव्यासारखा, पण बॅटरीची क्षमता अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आलेली. दुसरा खरचटलेला, बॅटरी एक्क्याण्णव. मी दोन्हींवर चिठ्ठी लावते, बॅटरी मोठ्या अक्षरात लिहिते. चकचकीत होता तो दोन दिवसांत गेला, हजार रुपये जास्त देऊन. खरचटलेला दिवाळीपर्यंत काचेत पडून होता. शेवटी पडत्या भावानं काढला. चकचकीत नेणाऱ्याला मी खरचटलेला दाखवून सांगितलं होतं, हा घ्या, हा जास्त चालेल. तो म्हणाला, बायकोला द्यायचाय, बरा दिसायला हवा."

"आणि बॅटरी कशानं गेली असेल त्याची?"

"किती तरी कारणं असतात."

"त्यातलं एक?"

"उष्णता," ताई म्हणाली. "लोक जाड कव्हरासकट रात्रभर उशाखाली चार्जिंगला लावतात. चार्ज होताना फोन तापतोच, कव्हर ती ऊब धरून ठेवतं. लिथियमच्या बॅटरीला गरमी सोसत नाही. फोन तापत असेल तर कव्हर काढून चार्ज करा, असं ॲपलसुद्धा सांगते. मी गिऱ्हाइकाला सांगते, पण ऐकतं कोण?"

ॲपलचं आणखी एक सांगणं मला इथं आठवलं आणि मी ते बोललो. २०१६ च्या आयफोन ७चा एक रंग आरशासारखा काळा होता, ॲनोडायझिंग आणि पॉलिशच्या नऊ टप्प्यांतून काढलेला. त्याच्याखाली कंपनीनंच बारीक अक्षरात टीप दिली होती की या चकाकीवर वापरताना सूक्ष्म ओरखडे दिसू शकतात, काळजी वाटत असेल तर कव्हर वापरा.

"बघ," ताई म्हणाली, "बनवणाराच कव्हर घाला म्हणतो."

मामाला मात्र वाईट वाटलं. नऊ टप्पे म्हणजे किती टाक्या, किती धुणं, किती हात, ते त्यालाच कळत होतं. "एवढं करून झाका म्हणायचं," तो म्हणाला. "त्यापेक्षा चकाकी कमी ठेवायची. ओरखडा न दिसेल असा रंग द्यायचा. चांदीसारखा साधा ठेवला तर कड उडाली तरी खाली चांदीच."

"नोकियानं केलं होतं तसं. २०११ चा एन-९. पॉलीकार्बोनेटचा अखंड साचा, रंग आतपर्यंत. बीट कुठंही कापलं तरी लालच, तसा."

"ज्यानं केला त्याला कारखाना कळत होता," मामा म्हणाला. त्याच्याकडून ही मोठी शाबासकी.

मी कुणाच्या बाजूचा, असं दोघांनीही मला त्या दुपारी विचारलं. काचेसाठी मी ताईच्या बाजूचा आहे. तो पायरीवर बसलेला मुलगा डोळ्यांपुढून जात नाही आणि त्याच्या खिशाला फुटणं परवडत नाही, यापुढे रंगाचं सगळं बोलणं फिकं आहे. पण काचेच्या भीतीनं घातलेलं कव्हर आपण चऱ्यांच्या भीतीनंही घालून ठेवतो आणि तिथं मला मामाचं पटतं. हातानं वापरलेल्या वस्तूची कड पांढरी होणं हा बिघाड नाही. त्याचे हजार रुपये कापणारा बाजार चुकतो आहे आणि तो बाजार म्हणजे चिठ्ठी न वाचता चकचकीत फोनकडे हात नेणारे आपण. पुढचा मालक कधी येईल ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी आपण रंग राखतो आणि स्वतः दोन वर्षं काळं रबर हातात धरतो. आमच्या आईनं पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा सेट असाच राहिला. आई गेली तेव्हा त्यातले सहाच्या सहा कप शाबूत होते.

हे मी बोललो तेव्हा ताई माझ्याकडे बघून गप्प झाली. मामी म्हणाली, "ते कप आहेत का रे अजून? आणा बाहेर."

मामानं मग फोन पुसायला घेतला. आधी मऊ ब्रशनं कडेची पूड झटकली. कोरड्या फडक्यानं एकदम घासायचं नाही, नाहीतर पूडच रगडली जाते. मग फडकं पाण्यानं जरा ओलं करून पुसलं, शेवटी कोरडं. कव्हर साबणाच्या पाण्यात धुऊन खिडकीत ठेवलं.

"सोडा नको, चुना नको," तो पुसता पुसता म्हणाला. "हा थर धूळ सोसेल, घाम बराच सोसेल. खारापुढे मात्र विरघळतो. नव्या इमारतीत ॲनोडाइझ केलेल्या खिडक्यांवर ओला गिलावा पडला की कायमचे पांढरे डाग पडायचे आणि बिल्डर आमच्याशी भांडायला यायचा. म्हणून सेक्शनवर टेप लावून पाठवायला लागलो."

"चुना?" ताई एकदम म्हणाली. "तंबाखूचा चुना?"

"तोच की. ओला असताना लागला आणि राहिला तर खाणारच."

तिनं काही फोन आठवले असावेत. जाताना धुतलेलं कव्हर फोनवर चढवलं, दरवाज्यापाशी पुन्हा काढलं, पर्समध्ये टाकलं आणि मोरपंखी फोन हातात घेऊन जिना उतरली. रिक्षात बसताना परत घातलं.

चार दिवसांनी तिनं मामाला एक फोटो पाठवला आणि मलाही. विकायला आलेला काळा फोन, धातूच्या पाठीचा, कव्हर नुकतंच काढलेलं. कडेजवळ अंगठ्याएवढा पांढुरका डाग होता. कव्हराखाली चुना शिरून बसला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, हे जाईल का?"

मामाला टाइप करायचा कंटाळा, त्यानं आवाज पाठवला. "जायचं नाही ते. थर खाल्लाय. बॅटरी किती आहे?"

"नव्वद."

"मग पुसून ठेव. डाग वर दिसेल असा ठेव, आणि सी लावू नकोस."

ताईनं अंगठा पाठवला नाही, हो म्हणाली नाही. तासाभरानं काउंटरच्या काचेचा फोटो आला. काळा फोन पहिल्या ओळीत होता, पाठ वर, आणि चिठ्ठीवर बॅटरीच्या आकड्याखाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: डाग चुन्याचा. फोनला काही झालेलं नाही. ग्रेड : बी.